कचऱ्याची टोपली

माझी धाकटी बहीण कोणाचं ऐकत नाही, असं सगळं गाव म्हणायचं. साफ खोटं! तिला शब्द पोचायचे नाहीत, वस्तू पोचायच्या. हातात तांब्या दिला की आंघोळ, ताटली दिली की जेवण. टोपली दिली की नाल्यापलीकडच्या मोहाखाली जायचं, फुलं वेचायची आणि टोपली भरली की घरी यायचं. हे मी शोधून काढलं होतं, चौथीत असताना.

आलापल्लीकडच्या आमच्या गावातल्या शाळेत एकच खोली, एकच गुरुजी. ते म्हणाले होते, "घंटा होतवर बसली तं नाव टाकतो तिचं." चार महिने मी तिच्या हातात पाटी देऊन तिला बसायला शिकवलं. बसू लागली. गुरुजींनी विचारलं, "कसं जमवलं वं तू?" मी बावळट, फुशारकीनं सगळं सांगून टाकलं. तांब्या, ताटली, टोपली, सगळं.

पौषात तपासणीचे साहेब आले. त्याच दिवशी पटावर तिचं नाव पडणार होतं. बहीण पाटी घेऊन पुढेच बसली. गुरुजींनी मला हारासाठी झेंडू आणायला पिटाळलं. परत आले तर साहेब चहा पीत होते, पाटी जमिनीवर होती आणि कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली नव्हती.

"मनात आलं, गेली," गुरुजी म्हणाले. "ऐकते कुठी ते?"

केसानं गळा कापला हो त्या माणसानं! घरच्यांशिवाय टोपलीचं फक्त त्यांनाच ठाऊक होतं.

मी धावत सुटले. ती मोहाखाली बसली होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन. पौषात कुठून पडणार मोहफुलं? अस्वलांचं रान ते. मी टोपलीत पाला भरला, तिनं ओतून टाकला. ओढलं, हलली नाही. शेवटी शेळ्या चारणाऱ्या एका म्हातारीला तिच्यापाशी बसवलं आणि घरून ताटली आणली. ती हातात घेतल्यावर मुकाट उठली.

"जाऊ दे बाई," आई म्हणाली. "गुरुजीसंग भांडाचं नाई."

सकाळी पाहते तर बहीण दारात उभी. कोणी न देताच पाटी हातात घेतलेली, शाळेत जायला तयार. मी ती हिसकावून घेतली आणि ढसाढसा रडले.

ऐकायला मी तिला शिकवलं होतं. कोणाचं ऐकावं आणि कोणाचं नाही, हे सांगायला तिच्या हातात काय द्यायचं, ते मला आजही सुचलेलं नाही.