बर्फातला हिरवा पट्टा

ऊब टिकावी म्हणून पाइपांवर गुंडाळलेल्या, भिजलेल्या ग्लासवूलचा कुबट वास आला की मला पेनसिल्व्हेनियातला शिकतानाचा एक हिवाळा आठवतो आणि अजूनही डोकं तापतं. युनिव्हर्सिटीच्या सगळ्या इमारतींना एकाच बॉयलरमधून, जमिनीखालच्या पाइपांतून वाफ यायची. सगळीकडे गुडघाभर बर्फ असायचा, पण पाइपांच्या वर मात्र हिरव्यागार गवताचा पट्टा. खालचं आवरण कुजल्यामुळे ऊब वाटेतच मातीत जिरत होती. लाइनच्या टोकाला, शेवटच्या इमारतीत आमच्या डिपार्टमेंटच्या वयस्कर सेक्रेटरीबाई कोट न काढता, सुजलेल्या बोटांनी टायपिंग करायच्या. मी देखभाल खात्याच्या साहेबांना तो पट्टा दाखवला आणि म्हटलं, "ही त्या बाईंची ऊब आहे. आवरण बदला." ते हसले. "अरे, या गवताचा फोटो आम्ही माहितीपत्रकात छापलाय! त्यांना आणखी एक स्वेटर घालायला सांग." "मग तुमचं टेबल त्यांच्या खोलीत हलवा!" मी ओरडलो. ते पाठ फिरवून निघून गेले. उन्हाळ्यात बाईंनी नोकरी सोडली. पुढच्या हिवाळ्यात त्याच लाइनवरच्या, युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांच्या बंगल्यात गारठा शिरला, आणि आठवड्याभरात ती हिरवळ खणून पाइपांना नवं आवरण चढलं. आज मी अशाच पाइपलाइनची कामं करतो. नवं काम आलं की नकाशा उघडण्याआधी विचारतो, लाइनच्या टोकाला कोण बसतं?