सागाच्या चकत्यांची जिम

आलापल्लीच्या आमच्या जिममधले किस्से मी कधी मोजले नाहीत. आता चंद्रपूरला एसीतल्या जिममध्ये जातो. तिथं सगळ्यांच्या कानात इयरफोन, कोणी कोणाला हसत नाही. मग नवे किस्से कुठून होणार? म्हणून जुनेच सांगत बसतो.

आमची जिम म्हणजे पत्र्याची शेड. उस्ताद शंकरभाऊ, लाकूड डेपोतून रिटायर झालेले मजूर. लोखंडी प्लेटा नव्हत्याच. सागाच्या ओंडक्याच्या गोल चकत्या कापायच्या, मधे भोक पाडायचं आणि त्या दांड्यात घालायच्या. पण पहिला महिना त्यांनाही हात लावायचा नाही. खांद्यावर बांबू घेऊन नुसतं उठायचं-बसायचं. आमचा मित्र विलास दुसऱ्याच दिवशी वैतागला. भाऊ शांतपणे म्हणाले, "आंगाले वळण लागू दे. लाकूड कुठी पळून राह्यलं?"

* * *

एका वर्षी नव्या चकत्या ओल्या लाकडाच्या कापल्या. मे महिना येईपर्यंत आम्ही सगळे भीम झालो होतो. विलासनं तर दंड दिसावेत म्हणून शर्टाच्या बाह्याच कापल्या. भाऊंनी चकत्या किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवायला लावल्या. लाकूड वाळून हलकं झालं होतं! आम्ही होतो तेवढेच होतो. विलास पुढचे चार दिवस फुल शर्ट घालून आला.

* * *

आधी अंग गरम करायचं, शेवटी सावकाश ताणायचं, श्वास रोखायचा नाही, दुखायच्या आत थांबायचं. हे भाऊंचे नियम. मला त्यांचा कंटाळा. एकदा आल्या आल्या जड दांडा उचलला आणि कमरेत उसण भरली. आठ दिवस खाटेवर.

भाऊ भेटायला आले. मी बोलणी खायच्या तयारीत होतो. ते एवढंच म्हणाले, "डेपोत मीबी एकडाव अशीच घाई केली होती. तवापासून मले वाकता येत नाई."

खाली पडलेली वस्तू ते नेहमी आम्हाला उचलायला सांगायचे. त्यावरून आम्ही त्यांना 'साहेब' म्हणून चिडवायचो. आजही आठवलं की लाज वाटते.

* * *

सुनीता जवळच्या जंगलातल्या गावची, आमच्यातली एकुलती एक मुलगी. वनरक्षक भरतीचा तिचा हा शेवटचा चान्स, पुढच्या वर्षी वय निघून जाणार होतं. ती रोज दोनदा घाम गाळायची. रविवारी मात्र भाऊ शेडला कुलूप लावायचे, शरीराला विश्रांती पाहिजे म्हणून. एका रविवारी ती मागच्या खिडकीतून आत उतरली, तर भाऊ खुर्ची टाकून बसलेले. बाहेरून कुलूप त्यांनी मलाच लावायला सांगितलं होतं. पुढ्यात थर्मास होता आणि कप दोन!

ती रडायलाच लागली. "भाऊ, माहं वय थांबून राह्यलं का?"

"नाई थांबत. म्हणून तर तुले मोडू देत नाई."

* * *

भरती होऊन गेली. काही महिन्यांनी सुनीता खाकी वर्दीत शेडच्या दारात उभी राहिली. आम्ही दांडे टाकून धावलो. भाऊ डोळे पुसत उठले. ती झटकन पाया पडायला वाकली, तर भाऊंनी पाय मागे घेतले.

"कमरेतून नाई. गुडघ्यातून. परत कर."

सुनीता सरळ झाली. श्वास घेतला, पाठ ताठ ठेवली आणि सावकाश खाली बसली. या वेळी भाऊंनी पाय हलवले नाहीत.