टिटवीचा बिल्ला

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. चौथीला शाळा सुटली, तेव्हापासून एवढं लांब काही लिहिलंही नाही. पण तोंडाने सांगायला जमत नाही — म्हणून वहीत.

आम्ही अंबरनाथला बुवापाड्यात राहतो. मी उल्हासनगरला, तीन नंबर कॅम्पात, एका कारखान्यात दोऱ्याने कापडी बिल्ले भरते. फौजी दिसणाऱ्या जॅकेटांच्या बाहीवर असतात ना, ते. मालकाने बजावलेलं — खऱ्याची नक्कल नको, पोलिसांचं लफडं होतं. मनाने काहीतरी काढ. भरून झाला की बिल्ला चहाच्या पाण्यात बुडवायचा, वाळला की कडा विटेवर घासायच्या. मग तो वीस-तीस वर्षांचा वाटतो. गिऱ्हाइकाला जुनं आवडतं.

एकदा मी टिटवी काढली. लांब पाय, पसरलेले पंख, मागे विमान. गावी टिटवी ओरडली की आई दार लावून घ्यायची. कशाला काढली मी तीच? सुचली, एवढंच.

आमच्या शेजारी काका आणि मावशी राहतात. त्यांचा मुलगा विमानदलात होता. नऊ वर्षांपूर्वी त्याचं विमान गेलं ते सापडलंच नाही — ना तो, ना त्याचा कपडा. यंदा मावशी कशीबशी तयार झाली होती, दर्भाचा पुतळा करून त्याचे दिवस करायला. भटजींनी तारीख दिली होती. आणि त्याच आठवड्यात काका जुन्या बाजारातून एक विमानाचा बिल्ला घेऊन आले — पोराचा काही माग लागेल म्हणून.

कुठल्या तुकडीचा ते कळेना. काकांनी तो अंबरनाथ पूर्वेच्या एका निवृत्त हवाई सैनिकाला दाखवला, बदलापूरच्या दुसऱ्याला दाखवला. दोघंही म्हणाले, असला पक्षी कुठल्याच तुकडीचा नाही. इथेच संपायला हवं होतं ना? पण काका म्हणाले, म्हणजे गुपित तुकडी असणार, आपला त्यातच असणार. म्हणून तर आपल्याला कुणी कळवलं नाही.

मग ते माझ्याकडे आले. मावशी मागे उभी.

"सुमन, तू यातली आहेस. नवा की जुना, तेवढं सांग."

"दम धरा जरा," मावशी म्हणाली. "तुमच्यासारखी रिकामी नाही ती."

मी बिल्ला उलटा केला. मागे माझीच गाठ होती — दोरा संपतो तिथे मी दोनदा मारते ती.

"जुना आहे, काका," मी म्हणाले.

का? मालकाची भीती होती, हे खरं. पण त्याहून वाईट एक आहे — माझ्या हातच्या कामाकडे कुणी कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. काका भिंग लावून पंखांतली पिसं मोजत होते. मी बोलले असते तर तो बिल्ला माझ्यासारखाच फालतू झाला असता. मला तो मोठा राहायला हवा होता.

दिवस रद्द झाले. मावशी आता दाराला कडी लावत नाही. काका त्याला शोधायला दोनदा उत्तरेकडे जाऊन आले. तिसऱ्यांदा स्टेशनातच छाती धरून खाली बसले. बरे झाले की पुन्हा निघणार आहेत.

मालकाला टिटवी चालली. गेल्या महिन्यात त्याने तशाच शंभर सांगितल्या. दुसरा पक्षी काढते, असं म्हणायचं होतं. म्हणाले नाही — भरल्या.

परवा काकांना बाजारात दुसरा बिल्ला मिळाला.

"बघ, एकटा नाही तो," ते मावशीला सांगत होते. "बरोबरचे पण वाचलेत." मावशीने मुलाचे शर्ट धुवायला काढले होते. तिने मला हाक मारली — ये गं, दोन्ही ताडून बघ. मी गेले. दोन्ही हातात घेतले.

"एकाच ठिकाणचे आहेत," मी म्हणाले.

बाकीचे अजून बाजारात यायचे आहेत.