शेवळं आणि काकडं

रविवारी गाडी काढून एकटाच रानभाज्यांच्या महोत्सवाला गेलो. शेवळांच्या जुडीबरोबर पाड्यावरच्या मावशींनी मूठभर काकडं, ती हिरवी आंबट फळं, पिशवीत टाकली. मी नको म्हणालो.

"असू द्या भाऊ. नुसती शेवळं शिजवली तर घसा खाजतो."

बायको होती तोवर हे तिला ठाऊक होतं. मी नुसता जेवायचो. रान खाज देतं, तेव्हा तिचा उतारा शेजारीच उगवून ठेवतं. माणसांना ही सोय नाही.

परतताना धबधब्यापाशी थांबलो. "काका, आमचा फोटो काढता?" एका कुटुंबानं मोबाइल हातात दिला. सगळे मावेनात, म्हणून मी मागं मागं सरकत गेलो.

गाडीत येऊन बसलो, तर घसा खवखवत होता. शेवळं तर अजून पिशवीतच होती.