राजाची एक उडी

आमच्या गावात राजाला एक उडी असते. अजून शह लागलेला नसेल, तर अख्ख्या डावात एकदाच त्याने घोड्यासारखं अडीच घर उडायचं. चुलत्याने पोत्यावर कोळशाने पट आखून मला हे शिकवलेलं. सातवीत शाळा सुटली, हे तेवढं डोक्यात राहिलं. स्पर्धेत अशी उडी नसते, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई देशाची विजेती. बाहेरच्या देशांत खेळलेली ही बाई शनिवारी दिवा स्टेशनजवळच्या शाळेत मुलांना फुकट बुद्धिबळ शिकवते. मी तिच्याकडे पट मांडते, सोंगट्या मोजते, चहा करते. यवतमाळकडून आले तेव्हा खोलीसुद्धा तिच्याच शब्दावर मिळाली. म्हणून तिच्या कपाळावर आठी दिसली की मी आधी चहा टाकते.

मध्ये ती परदेशी खेळायला गेली. जाताना म्हणाली, "दोन शनिवार नुसतं बसव त्यांना. खेळू देत." पण मुलं विचारायला लागली, "मावशी, तुम्हाला येतं का?" आणि मी फुगले. उडी शिकवली.

मग ठाण्याची स्पर्धा आली. मोठा हॉल, मध्ये दोरी, दोरीपलीकडे बोलायचं नाही. मी पाण्याच्या बाटल्यांपाशी उभी. आमची चौथीतली एक पोरगी शेवटचा डाव खेळत होती. जिंकली तर ताई तिला डोंबिवलीच्या मोठ्या क्लासमध्ये घेणार होती. तिचा राजा कोपऱ्यात कोंडला. तिने तो उडवला.

समोरच्या मुलाने हात वर केला. "सर, ही चीटिंग करते!"

पंच आले. "ही कुठली चाल, बाळा? कुणी शिकवली?"

पोरीने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एवढीशी पोर, मला वाचवत होती. गप्प राहिले तर कुणाला कळणार होतं? काम, खोली, सगळं डोळ्यांपुढे आलं. तरी दोरीखालून वाकून आत गेले.

"सर, मी शिकवली. तिची चूक नाही."

"तुम्ही आधी बाहेर व्हा!"

राजा जागेवर परत गेला, समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळाली. पोरगी हरली. ताई दाराशी उभी होती, तिने सगळं ऐकलेलं.

"अगं, अशी किती जणांना शिकवलीस?"

"अकरा."

"अकरा!" तिने कपाळावर हात मारला. त्यातले सहा जण अजून आत खेळत होते. आम्ही दोघी दोरी धरून एकेकाच्या राजाकडे बघत राहिलो. कुणी राजाला हात लावला की ताई माझा दंड आवळायची. कुणी उडवला नाही, नशीब.

"ताई, मला काढणार का?"

"तुला काढून ती उडी निघणार आहे का त्यांच्या डोक्यातून? शनिवारी तूच त्यांना राजा-हत्तीचं कॅसलिंग शिकवायचं."

"मला कुठे येतं!"

"मग शीक. ती पोरगी शिकवेल. तिच्या क्लासचं पुढच्या स्पर्धेत बघू."

शनिवारी पोरगी समोर बसली, अजून थोडी फुगलेलीच. बाकीचे दहा जण भोवती. "राजा दोन घरं हत्तीकडे, मग हत्ती त्याच्या पलीकडे," ती म्हणाली. मी घाईघाईने हत्तीला हात घातला.

तिने चापट मारली. "मावशी! आधी राजा. नाहीतर सर परत ओरडतील."

मी हात साडीला पुसला आणि राजा उचलला.