चुडामणने कापलेला तुकडा

चुडामण जळगावला रेडिओत टेप कापायचा. पुढारी असो की कीर्तनकार, त्याने ब्लेड फिरवून चिकटपट्टी लावली, की सांधा कुठे आहे ते बोलणाऱ्यालाही कळायचं नाही. बाकी माणूस इतका बुजरा, की स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही अर्धाच आलेला.

त्याची मुलगी कुंदा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि पीएचडीसाठी पुण्याला निघाली, तर आजी झुंबरबाई आडवी आली. घरात तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"तू काय शिकस ते रेडिओवर सांग. माले समजनं तं जाय. नई समजनं तं लगीन कर!"

कुंदाने भाषण ठोकलं. झाडाचा जीन म्हणजे लांबलचक मजकूर. त्याची नक्कल निघाली, की पेशी त्या नकलेतले मधले काही तुकडे काढून टाकते आणि उरलेले जोडते. गंमत अशी, की एकाच जीनची जोडणी पानात एक होते, फुलात दुसरी. कुठे कापायचं ते पेशीतली प्रथिनं ठरवतात, तीही ऊन, थंडी, झाडाचं वय पाहून.

भाषण लांबलं. कापायला बसला बापच. पोरीचा शब्द कापणं त्याच्या जिवावर आलं होतं. तेवढ्यात टेपवर ऐकू आलं, "माझे वडील चुडामण..." त्याचे कान लाल झाले. घरचं कौतुक चारचौघांत कशाला? पुढचं न ऐकताच त्याने तेवढा तुकडा उडवला आणि सांधा असा बेमालूम जोडला, की स्वतःवरच खूश झाला.

संध्याकाळी सगळे रेडिओभोवती बसले. भाषण संपलं. आजीने पदर सावरला.

"बोलनी मस्त. पण जीन एकच, अन् पानले येगळा, फुलले येगळा, हाई कसं व्हस?"

कुंदा रडकुंडीला आली. "नाना, तेच तर सांगितलं होतं! तुमचं उदाहरण कुठे गेलं?"

"घरचं होतं ते, म्हणून मी..."

"घरचं नव्हतं, नाना! अख्ख्या भाषणात तेवढंच तर आजीसाठी होतं."

चुडामणच्या पायाखालची जमीन सरकली. पोरीचं पुणं त्याने आपल्याच हाताने कापलं होतं. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलला.

"माय, मी टेप कापस ना. कीर्तन एकच. सकायले अभंग ठेवस, गोष्ट काढी टाकस. पोरेसना कार्यक्रमले गोष्ट ठेवस, अभंग काढी टाकस. येळ पाहीसन ठरावस. झाडनं बी तसंच शे."

झुंबरबाईने लेकाकडे बघून गालावर बोट ठेवलं.

"इतला वरीसपासून तू हाई करस व्हय? अन् माले वाटे, तू तठे बाजावरनी धूळ पुसस!" मग ती नातीकडे वळली. "जाय वं पोरी पुन्याले. तुनामुळे मना पोऱ्याले वाचा फुटनी."