रोझेलबाईंची सुट्टीतली हजेरी

शाळेला सुट्टी लागली की मुलं घरी जातात, मास्तर घरी जातात, भात रांधणाऱ्या बायका घरी जातात, आणि आम्ही परदेशी इंग्रजी शिक्षक तेवढे शाळेत जातो. करायला काही नसतं. करारातल्या चार रजा संपल्या की रोज सकाळी यायचं, रिकाम्या शिक्षकखोलीत आपल्या टेबलाशी बसायचं आणि संध्याकाळी उठून जायचं. कोरियन शिक्षकांना सुट्टीत घरी राहून अभ्यास करायची सोय कायद्यानेच दिली आहे. आमचा अभ्यास घरी होत नसावा, असं सरकारचं मत दिसतं. मी कॉलम, आयर्लंडचा. इथल्याच मुलीशी लग्न करून कोरियाच्या दक्षिण जोल्ला प्रांतातल्या या किनाऱ्यावर म्हातारा होत चाललोय, आणि कित्येक उन्हाळे असे टेबलाशी बसून काढलेत. आम्ही सगळे त्यावर विनोद करायचो. रोझेल अरेंडसे हिचं जे झालं, त्यानंतर मला तो विनोद सुचत नाही.

रोझेल दक्षिण आफ्रिकेतल्या प्रिस्का नावाच्या रखरखीत गावची. चाळिशी उलटलेली, नवरा गेलेला, मुलगी नर्सिंग शिकत होती. तिच्या शिक्षणासाठी ही इतक्या लांब आली आणि माझ्या शेजारच्या गावच्या प्राथमिक शाळेत रुजू झाली. तिच्या वर्गात गलका असायचा, पण कामाचा. पोरं बाजार मांडायची, भाव करायची, भांडायची, सगळं इंग्रजीत. मुलं तिला 'रोझेलबाई' म्हणत आणि तिच्या मागे मागे फिरत. अशा बाईला रिकामं बसवणं म्हणजे शिक्षाच होती.

जुलैच्या शेवटी सुट्टी लागली. पहिल्याच आठवड्यात तिने पुढच्या सत्राची सगळी तयारी संपवली, मग त्यापुढच्या सत्राचीही. खोलीतले कप घासले. कुंड्यांतली वाळकी पानं काढली. मग भिंतीवरच्या सूचना वाचत कोरियन अक्षरं घटवायला बसली. बाहेर सिकाडा किडे कान किटेपर्यंत ओरडत होते आणि आत एसी बंद. एका माणसासाठी एवढी मोठी खोली थंड करणं परवडत नाही, असं कार्यालयाने सांगितलं होतं. खालच्या कार्यालयात मात्र गारवा होता. उपमुख्याध्यापक गु सर तिथे बसत. दिवसातून दोनदा जिना चढून येत, दार उघडत, ती जागेवर आहे ना ते पाहत, मान हलवत आणि दार लावून घेत.

"कॉलम, तो मला बघून जातो," ती मला फोनवर म्हणाली. "गोठ्यात म्हैस आहे की सुटली, तसं."

"मान हलवतो ना? माझा तर तेही करत नाही."

"हसू नकोस रे. मला काम हवंय."

काम मागून तिने पाहिलं होतं. आई-बाप समुद्रातल्या शेवाळाच्या शेतीवर गेलेली कितीतरी मुलं दिवसभर गावात नुसती भटकत असत. त्यांचा रोज दोन तास वर्ग घेते, असं ती म्हणाली. तिच्याबरोबर शिकवणाऱ्या प्योबाई दुभाष्याचं काम करत होत्या. गु सर म्हणाले, "सुट्टीत मुलाला काही झालं तर जबाबदार कोण?"

"मग मी घरून तयारी करते, सर."

"करारात कामाची जागा शाळा लिहिलीय."

"पण शाळेत काम नाहीये."

"जागा आहे ना," गु सर म्हणाले.

ऑगस्ट लागला आणि शाळेच्या मुख्य इमारतीची जुनी छतं काढायचं काम निघालं. कार्यालयाने कपाटं बांधली आणि सगळी मंडळी जवळच्या माध्यमिक शाळेत हलली. आदल्या संध्याकाळी प्योबाईंचा रोझेलला फोन आला. आवाज अगदी बारीक.

"बाई, उद्यापासून तुम्ही मागच्या बाजूला बसायचं. खेळाचं सामान ठेवतात ना, त्या खोलीत. टेबल ठेवलंय म्हणाले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे माध्यमिक शाळेत. तिथे सगळ्यांची सोय झाली."

"सगळ्यांची म्हणजे कोणाची?"

प्योबाईंनी आवाज आणखी बारीक केला. मग म्हणाल्या, "मी सांगून बघितलं, बाई."

त्या खोलीला मुख्य इमारतीकडे उघडणारी एक खिडकी होती आणि ती नीट लागत नव्हती. मागच्या फाटकातून आत शिरायचं, गाद्यांच्या ढिगाशेजारी ठेवलेल्या टेबलाशी बसायचं, चेंडूंच्या रबराचा वास घेत दिवस ढकलायचा. पलीकडून ठोकाठोक ऐकू यायची. खिडकीच्या खाचेत पांढरट भुकटी जमायची, ती रोझेल सकाळी ओल्या फडक्याने पुसायची. हे तिने मला गंमत म्हणून सांगितलं आणि मीही गंमत म्हणूनच ऐकलं. जुनी इमारत, धूळ उडणारच.

एके सकाळी मागचं फाटक बंद होतं, म्हणून ती पुढून गेली. इमारतीला वरपासून खालपर्यंत प्लास्टिक गुंडाळलेलं. पांढरे डगले घातलेली, तोंडावर मोठे मास्क चढवलेली माणसं आत-बाहेर करत होती. फाटकावर पिवळा फलक होता. आता तिला अक्षरं लागत होती. 'प्रवेश बंद' तिने वाचलं. पुढचा शब्द वाचता आला, पण अर्थ माहीत नव्हता. तिने तो फोनवर शोधला. अॅसबेस्टॉस.

मला फोन आला तेव्हा ती रडत नव्हती. आवाज इतका शांत होता की मीच उठून उभा राहिलो. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गेलो. ती बसथांब्याच्या बाकावर बसली होती.

"आमच्या गावाला त्याची खाण होती," ती म्हणाली. "आजी बाहेर ढिगाशी बसून हातोडीने दगड फोडायची. लेकुरवाळ्या बायका सगळ्या तेच करायच्या. माझी आई तिथेच धुळीत खेळत मोठी झाली. म्हातारपणी आजीला आडवं झालं की श्वास पुरायचा नाही. टेबलावर हात ठेवून, त्यावर डोकं टेकून झोपायची. मला वाटायचं, सगळ्यांच्या आज्या अशाच झोपतात. मग आई तशी झोपायला लागली."

मी तिच्या शेजारी बाकावर बसलो.

"खाणवालेही म्हणायचे, काही होत नाही," ती म्हणाली. "चल, त्या गु सरांना विचारू या."

माध्यमिक शाळेतल्या गार खोलीत गु सर सपाता घालून, बर्फाची कॉफी घेऊन बसले होते. शेजारी तीन टेबलं रिकामी होती. ती मी मोजायला नको होती, पण मोजली. रोझेल बोलत गेली आणि मी कोरियनमध्ये सांगत गेलो.

"सर, तुम्ही मला कुठे बसवलंय ते तुम्हाला माहीत होतं?"

"ती इमारत वेगळी आहे. इकडे प्लास्टिक लावलंय. काही होत नाही."

"मग तुम्ही इथे का आलात?"

"फायली होत्या. फोन होता. कार्यालय चालू ठेवायला लागतं."

"मी इथे बसते. हे टेबल रिकामं आहे."

"हे दुसऱ्या शाळेचं टेबल आहे. तुमची नेमणूक या शाळेत नाही. परवानगीशिवाय दुसरीकडे काम केलं तर तुमच्याच व्हिसाला अडचण येईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"इथे मी काय काम करणार, सर? बसणारच ना?"

हे मी जसंच्या तसं सांगितलं. गु सरांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. "तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, तुम्ही तरी समजवा. आल्या नाहीत तर गैरहजेरी लागेल." आणि नळीने कॉफी ओढली. तो सुरसुर आवाज आठवला की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

दुसऱ्या दिवशी रोझेल वेळेवर शाळेत गेली. तोंडाला मास्क बांधून खोलीतलं टेबल आणि खुर्ची बाहेर काढली, ओल्या फडक्याने पुसली, आणि ओढत ओढत पुढच्या फाटकासमोर नेली. तिथे एक जुनं मोठं झाड आहे आणि त्याखाली गावातल्या म्हाताऱ्यांचा बसायचा लाकडी मंडप. मंडपाशेजारी तिने टेबल मांडलं आणि ताठ बसून राहिली. उठायच्या वेळेला उठली. टेबल तिथेच ठेवलं. पुढच्या दिवशी पुन्हा तेच.

मंडपात म्हाताऱ्या लसूण निवडत, मक्याची कणसं खात बसायच्या. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी नाम आजींना राहवलं नाही. नाम आजी म्हणजे पाठीत वाकलेल्या, पण जिभेला धार.

"ए पोरी, इथे काय विकतेस?"

रोझेलला तेवढं कोरियन समजलं. "काही नाही, आजी. मी काम करतेय."

"कसलं काम?"

"बसायचं."

"आणि पगार?"

"देतात."

आजी बाकीच्यांकडे वळल्या. "अगं ऐका, आपण फुकटच बसतोय जन्मभर." सगळ्या खिदळल्या. कोणीतरी तिच्या हातात कणीस दिलं. एकीने बँकेने वाटलेला कागदी पंखा दिला.

"पण आत का नाही बसत?" आजींनी विचारलं. "उन्हाने काळी होशील." मग स्वतःच म्हणाल्या, "म्हणजे अजून."

रोझेल हसली. मग तिने फलकाकडे बोट दाखवलं, सामानाच्या खोलीकडे दाखवलं, स्वतःकडे दाखवलं. मोडक्या शब्दांत सांगितलं की तिला तिथे बसवलं होतं. आजींनी लसूण खाली ठेवला.

"त्या गाद्यांच्या खोलीत?"

"हो."

"खिडकी बंद होती?"

"नाही. धूळ यायची. रोज पुसायची."

आजींचा नातू त्याच शाळेत दुसरीत होता. त्या गाद्यांवर पोरं कोलांट्या मारायची, गालफडं घासायची. आजींनी तिथूनच सुनेला फोन लावला. सून शेवाळ वाळवायच्या कारखान्यात होती. तिथून ते बायकाबायकांत पसरलं, आणि दुपारपर्यंत गु सरांची गाडी झाडाखाली येऊन थांबली.

हे मी पाहिलं नाही. प्योबाई गाडीत होत्या, त्यांनी मला नंतर सांगितलं. गु सर उतरले ते चेहरा लाल करूनच.

"बाई, हे काय चालवलंय? शाळेची अब्रू रस्त्यावर मांडलीत. आधी आत चला."

"कामाची जागा शाळा, सर," रोझेल म्हणाली. "हे फाटक शाळेचंच आहे."

"मी लेखी समज देईन."

"काय रे मास्तर," नाम आजी मंडपातून म्हणाल्या, "तुझी मुलगी बसवली असतीस तिथे?"

"आजी, हा शाळेचा कारभार आहे. तुम्हाला त्यातलं कळायचं नाही."

"नसेल कळत. तू जा, त्या गादीवर तासभर झोपून दाखव. मग कळेल मला."

प्योबाई म्हणाल्या, त्या क्षणी गु सर पहिल्यांदाच खरे घाबरलेले दिसले. पण रोझेलच्या छातीत काय गेलं असेल म्हणून नाही. गावातल्या बायका बोलायला लागल्या म्हणून.

मग सगळं भराभर झालं. जिल्हा शिक्षण कार्यालयातून दोन माणसं आली. काम थांबलं, सामानाची खोली सील झाली, हवेची तपासणी झाली. गाद्या, चेंडू, दोऱ्या सगळं पिशव्यांत बांधून नेलं. रोझेलला गावच्या वाचनालयात बसायची परवानगी मिळाली. तिथे ती उरलेली सुट्टी भटक्या पोरांना गोष्टी वाचून दाखवत राहिली, आणि कोणाच्या जबाबदारीला काही झालं नाही. ही परवानगी पहिल्या दिवशी द्यायला एक फोन पुरला असता.

शाळा उघडली तेव्हा पालकांच्या सभेत गु सरांनी जाहीर केलं की मुलांच्या आरोग्याचा विचार करून शाळेने खेळाचं सगळं सामान नवं घेतलं आहे. पालकांनी टाळ्या वाजवल्या. रोझेल मागच्या रांगेत होती. तिचं नावही निघालं नाही. वर्षाअखेर तिचा करार पुढे वाढवला नाही. कारण दिलं, सहकाऱ्यांशी जुळवून घेण्याची वृत्ती कमी. पुढच्या मार्चमध्ये गु सर दुसऱ्या, मोठ्या शाळेत मुख्याध्यापक झाले. त्या शाळेतही एक परदेशी शिक्षिका आहे, कॅनडाची, कोवळी पोर. मी तिला भेटून सगळं सांगून आलो.

रोझेलला उत्तरेकडे, डोंगरातल्या एका शाळेत काम मिळालं. जायच्या दिवशी मी आणि माझी बायको तिला बसपर्यंत सोडायला गेलो. नाम आजीही आल्या होत्या, लसणाची वेणी घेऊन. माझ्या बायकोने तिला विचारलं, राग येत नाही का?

"येतो," रोझेल म्हणाली. "त्याला माहीत नसतं तर चाललं असतं. सगळ्यांना हलवलं, म्हणजे माहीत होतं. माझ्यासाठी टेबल ठेवलं, म्हणजे मी आठवणीत होते. विसरला असता तर मी माफ केलं असतं."

दरवर्षी ती स्वतःच्या खर्चाने छातीचा फोटो काढते. डॉक्टर म्हणतात, अजून तरी स्वच्छ आहे. ते असंही म्हणतात की हा आजार दिसायला पुष्कळ वर्षं लागतात, कधी वीस, कधी चाळीस. तोपर्यंत गु सर पेन्शन घेऊन बागेत मिरच्या लावत असतील. त्यांना कोणी विचारणार नाही. म्हणून मी हे लिहून ठेवतोय, माझ्या रिकाम्या शिक्षकखोलीत, टेबलाशी बसून, एसी बंद असताना.